थोरलीच्या दारची अळी

थोरली झेंडूबाई, हिला आधी गं लाविली
टमाट्याची रोपं मग, धाकटी गं पाठविली
अळीला हिनं बाई, आपल्या दारी बोलाविली

गंगूआजीचा आवाज पाण्यासारखा खाली उतरायचा. गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून स्वयंपाकघरात. चोवीस वर्षांपूर्वी त्रिवेणीनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या हाताला कणीक लागलेली होती आणि लग्नाला पुरते पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. थोरली म्हणजे आपणच, या घरची थोरली सून. मग ही अळी कोण, ते काही तिला उमगेना. कणकेच्या हातानंच ती वर गेली. नव्वदीला टेकलेली आजेसासू कुंड्यांपुढं उकिडवी बसून रोपांना ओव्या ऐकवत होती. तिनं नातसुनेकडं न बघताच सांगितलं, "झेंडू वीस दिवस आधी लावायचा, पोरी. म्हणजे दोघी एकदम फुलावर येतात. पतंग येतो, पिवळं बघून भुलतो, झेंडूवरच अंडी घालून जातो. थोरलीनं सोसायचं, धाकटीनं पिकायचं."

त्याच थंडीत आजी गेली. तिचे डोळे, तिचं नाक, तिचा हट्ट घरात वाटला गेला, आणि तिच्या टमाट्यांचं बी गेलं तिच्या मुलीकडं, भामाआत्याकडं.

भामाआत्यांनी लग्न केलं नाही. नारायणगुड्याच्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि चौतीस वर्षांत कुणाला अर्धा मार्क जास्त दिला नाही. सख्ख्या भाचीला, सुमनला, त्यांनी दोन मार्कांनी नापास केलं होतं. निवृत्त झाल्यावर चिक्कडपल्लीतल्या या घराची गच्ची हाच त्यांचा वर्ग झाला. घरातल्या माणसांनाही त्या मार्क देत. त्रिवेणीच्या पुरणपोळीला साडेसहा. धाकट्या सुनेच्या, शिल्पाच्या नव्या पडद्यांना चार. भावाच्या, म्हणजे त्रिवेणीच्या सासऱ्यांच्या, एकनाथरावांच्या घोरण्याला नऊ, कारण त्यात सातत्य होतं.

बी राखायची रीत आजीचीच. दुसऱ्या घोसातली पहिली तीन फळं निवडायची, गर वाटीत तीन दिवस आंबू द्यायचा, बी धुऊन राखेत घोळवायचं आणि आजीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यावर पसरून वाळवायचं. मग त्याच फडक्याची पुरचुंडी करून फडताळात ठेवायची. सत्तर वर्षांचं बी, असं आत्या पाहुण्यांना सांगत. हुमनाबादेकडच्या शेतावरून आईच्या ओच्यातून इथं आलेलं.

ते बी सत्तर वर्षांचं नव्हतं. अकरा वर्षांचं होतं. आणि हे साऱ्या हैदराबादेत फक्त त्रिवेणीला माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी आत्यांचं मांडीचं हाड मोडलं आणि त्या दीड महिना दवाखान्यात राहिल्या. दिवाळीची झाडलोट त्रिवेणीनं एकटीनं केली. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण दारात आली तेव्हा फडताळातल्या चिंध्या, फाटके परकर, बोळे, सगळं तिनं एका गाठोड्यात भरून दिलं आणि बदल्यात चाळणी घेतली. चाळणीसाठी तासभर घासाघीस केली आणि जिंकलीही. संध्याकाळी फडताळ पुसताना तिचा हात थांबला. पुरचुंडी नव्हती. तीन दिवस ती नारायणगुड्यापासून काचिगुड्यापर्यंत बोहारीण शोधत हिंडली. चौथ्या दिवशी चिक्कडपल्लीच्या भाजीबाजारात एका म्हातारीच्या टोपलीत तिला तसेच चपटे, पाकळ्या पडलेले, आंबट टमाटे दिसले. तिनं अर्धा किलो घेतले. गर आंबवला, राख लावली, लुगड्याचा दुसरा तुकडा फाडला. पुढल्या साली आत्यांनी त्या झाडाचं पहिलं फळ तोडलं, डोळे मिटून चावलं आणि म्हणाल्या, "आईच."

त्यानंतर सांगायला जागाच उरली नाही.

यंदा श्रावणात सुमनचा मुलगा अमेय आला आणि सगळं ढवळलं. तो राजेंद्रनगरला एका संस्थेत कामाला होता. गावोगावचं जुनं घरगुती बी गोळा करायचं आणि थंड खोलीत जपायचं, हे त्याचं काम. गच्चीवर त्यानं आत्याआजीची व्यवस्था बघितली आणि हरखला. टमाट्यांच्या कुंड्यांच्या कडेनं झेंडू, दोन कुंड्यांमध्ये लसूण, कोपऱ्याकोपऱ्यात तुळस, आणि मध्येच मुद्दाम फुलावर येऊ दिलेली कोथिंबीर नि बडीशेप. औषधाचा एक थेंब नाही. तो म्हणाला, दसऱ्याला येतो, बी घेऊन जातो. सोबत एक अर्ज भरावा लागेल. हे बी या घरात सत्तर वर्षं अखंड राखलेलं आहे, असं लिहून खाली दोन सह्या. एक घरातल्या जाणत्या माणसाची, एक बी राखणाऱ्याची.

आत्या म्हणाल्या, लिहून काय, मी सांगते ते खरंच असतं.

त्रिवेणी तेव्हा भज्यांचं पीठ कालवत होती. तिच्या मनात एकच गोष्ट रुतली. ज्या बाईनं आयुष्यात खोटा आकडा लिहिला नाही, ती बाई आपल्यामुळं खोट्याखाली सही करणार. खरं सांगावं तर आपण आत्यांच्या मनातून उतरणार. आणि न सांगावं तर आत्या स्वतःच्या नकळत स्वतःच्या मनातून उतरणार. तेल तापेपर्यंत तिनं तिसरी वाट शोधली. यंदा फळच आलं नाही तर? फळ नाही तर बी नाही, बी नाही तर अर्ज नाही.

झाडं उपटायला तिचा हात धजला नसता. अकरा वर्षं आत्यांच्या बरोबरीनं तिनंच ती वाढवली होती. किडीचं काम किडीनंच करावं, असं तिनं ठरवलं.

खालच्या अंगणात एक जास्वंद होती, माव्यानं शेंड्यापर्यंत चिकट झालेली. उन्हाला ठेवते, असं सांगून त्रिवेणीनं ती कुंडी दोन जिने उचलून वर नेली आणि अगदी टमाट्यांच्या मधोमध ठेवली. आठ दिवस ती रोज आशेनं बघत होती. नवव्या दिवशी तिची मुलगी श्रुती मोबाइल नाचवत खाली आली. "मम्मी, वर लेडीबग्सची पार्टी चालू आहे. आत्याआजी म्हणते जास्वंद वर आणणाऱ्याला आठ मार्क." झालं होतं असं की कोथिंबिरीच्या फुलांवर राहणाऱ्या लाल ढालकिड्यांना इतके दिवस पोटभर मावा मिळत नव्हता. तो आता घरपोच आला होता. महिन्याभरात जास्वंद धुतल्यासारखी झाली आणि रोज तीन फुलं देऊ लागली. आत्या ती देवाला वाहायच्या आणि त्रिवेणीकडं बघून मान डोलवायच्या.

*

बतुकम्मा या नऊ दिवसांच्या फुलांच्या सणाच्या शेवटच्या दिवशी सकाळी भामाआत्या गच्चीवर गेल्या आणि पायरीवरच थबकल्या.

झेंडू बोडके झाले होते. चाळीस रोपं, आणि एकावर फूल नाही. आत्यांचं पहिलं काम म्हणजे मोजणं. त्यांनी देठ मोजले. दोनशे सोळा. कात्रीनं कापलेले, तिरके, सफाईदार. हे काम घाईचं नाही, एवढं त्यांना कळलं. मग त्यांनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून शाळेतल्या आवाजात सगळ्यांना वर बोलावलं.

सगळे आले. एकनाथराव लुंगी सावरत, त्रिवेणीचा नवरा संदेश अर्ध्या दाढीनं, श्रुती डोळे चोळत, शिल्पा केसांना टॉवेल गुंडाळून. त्रिवेणी शेवटी आली आणि दाराशीच थांबली. आत्यांनी कुणावर आरोप केला नाही. त्यांनी फक्त विचारलं, काल दुपारी कोण कुठं होतं. वर्गात खडू चोरीला गेला की असंच विचारायच्या.

संशय शिल्पावर गेला, कारण शेजारच्या अनुराधाक्कांच्या अंगणात आठ दिवस ती आणि श्रुती नव्या साड्या नेसून फेर धरत होत्या, आणि फुलांच्या थरांची बतुकम्मा रचायला झेंडू लागतोच. तंगेडू, गुनुगू ही रानफुलं बाजारात मिळतात, पण झेंडू भिंतीपलीकडं फुकट. शिल्पा भडकली. तिनं सांगितलं की एवढी फुलं तिनं कापली असती तर तिची नखं अशी राहिली असती का, आणि नखं सगळ्यांपुढं धरली. लाल, अखंड. संदेशनं दाढीचा फेस पुसत म्हटलं, फुलंच आहेत, परत येतील, लाइट घे ना आत्या. झेंडू म्हणजे नुसतं फूल नव्हे, तो पहारेकरी, आणि पहारा उठला की पतंग सरळ टमाट्यावर उतरणार, हे तिथं फक्त दोघींना ठाऊक होतं. एक आत्या, आणि दुसरी दाराशी उभी होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून अनुराधाक्कांचं डोकं वर आलं. केसांत गजरा, चेहऱ्यावर तक्रार.

"भामाक्का, फूलां दिये सो मेहेरबानी," त्या म्हणाल्या, "मगर अंदर से कीडे निकले. ग्यारा. मैं खुद गिनी. पूरी रात सजाए सो बतुकम्मा पे सुबू जुलूस चल रा था."

फुलं कुणी दिली, असं आत्यांनी विचारलं. भिंतीवर टोपली ठेवलेली होती, अक्कांना वाटलं भामाक्कांनीच धाडली.

आत्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. अकरा अळ्या, म्हणजे सगळा जथा झेंडूतच होता. त्या दिवसाआड सकाळी चष्मा लावून एकेक किडकी कळी खुडत, आणि गुडघे बोलत. इथं कुणीतरी अंडी, अळी, कळी, सगळं एकदम कापून शेजारच्या देवीला पोचवलं होतं. त्यांनी वाकून एक बोडकं रोप पाहिलं. देठाच्या बगलेत दोन्ही बाजूंना हिरवे ठिपके फुटत होते. एका कळीच्या जागी दोन. पाचसहा दिवसांत पहारा दुप्पट होणार होता.

"ज्यानं हे केलंय," त्या म्हणाल्या, "त्याला शेती कळते. नाव सांगितलं तर नऊ मार्क देईन."

त्रिवेणी चहा टाकायला खाली गेली. चहात तिनं साखर दोनदा घातली.

*

शिल्पा आठ वर्षांपूर्वी या घरात आली. नवरा, रितेश, बहुतेक दिवस कामानिमित्त बाहेरगावी. तिला या घरातलं एक कधी कळलं नव्हतं. आत्या सगळ्यांना मार्क देतात, पण बी राखायला फक्त ताईला, त्रिवेणीला, बोलावतात. लसूण कुठं लावू, हे ताईला विचारतात. शिल्पाला विचारतात की वायफाय का चालत नाही. अर्जावरच्या दुसऱ्या सहीचं ऐकल्यापासून तिच्या मनानं घेतलं होतं की ती सही आपली असावी. संस्थेच्या कागदावर छापील नाव येणार, फोटो येणार, माहेरी निजामाबादला दाखवता येणार.

त्याच दिवशी दुपारी कपडे वाळत घालायला ती गच्चीवर आली आणि पाण्याच्या टाकीमागं तिला ताईचा पदर दिसला. शिल्पा चादरीआड थांबली.

त्रिवेणी टमाट्यांपाशी बसली होती. हातात मुखवासाची प्लास्टिकची डबी. तिनं झाकण उघडलं आणि चिमटीनं एकेक करून चार अळ्या पानांवर सोडल्या. पुष्ट, हिरव्या, पाठीवर रेघ असलेल्या. शिल्पानं त्या ओळखल्या. सकाळी मक्याची कणसं सोलताना त्या निघाल्या होत्या, आणि ताई म्हणाली होती, मी टाकते.

त्रिवेणी मागं सरून बघत राहिली, एखादी बाई दूध उतू जायची वाट बघते तशी. आत्यांनी कुंड्यांच्या मधून काठ्या रोवून त्यांना वर आडव्या पट्ट्या बांधल्या होत्या, पाखरांना टेकायला. त्यातल्या एका पट्टीवर साळुंकी येऊन बसली. तिनं मान इकडं केली, तिकडं केली. खाली उतरली. पहिली अळी गेली. दुसरी गेली. त्रिवेणीनं हात हलवून "हाड" म्हटलं. साळुंकी एक उडी बाजूला झाली, तिसरी उचलली, परत पट्टीवर बसली आणि चवथीकडं बघत त्रिवेणीकडंही बघितलं, जणू विचारत होती की अजून वाढणार का.

शिल्पाला हसू आवरेना. चादर हलली. त्रिवेणी वळली.

दोघी जावा एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मागं साळुंकीनं चवथी संपवली.

शिल्पानं ताईला कितीतरी वेळ बोलू दिलं नाही. तिनं हिशेबानं सुरुवात केली. जास्वंद तू आणलीस. झेंडूही तूच कापलेस, नखं बघ तुझी, कडा अजून हिरव्या आहेत. का करतेस ते मला नको सांगू, मला ते कळतंय, आत्या तुला वापरून घेतात आणि तुला कंटाळा आलाय. मला काही सांगायची हौस नाही. फक्त एक कर. दसऱ्याला अमेयनं कागद काढला की दुसरी सही तू नाकार.

"घे," त्रिवेणी म्हणाली. "तूच कर."

इतक्या पटकन. शिल्पा मनात भांडायची तयारी करून आली होती, दोन जुने अपमानही काढून ठेवले होते. ते तसेच राहिले. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हरल्याचं नव्हतं. शिल्पाला कळेना की आपण जिंकलो की आपल्याला काहीतरी खपवलं. ती खाली गेली, आणि संध्याकाळपर्यंत तिला त्या सहीची भीती वाटायला लागली.

*

दसऱ्याच्या दुपारी एकनाथराव जेवायच्या टेबलाच्या टोकाला बसले होते आणि मजा बघत होते.

शहात्तर वर्षांचा माणूस. तहसील कचेरीत अडतीस वर्षं इतरांची भांडणं ऐकून ऐकून त्यांना एक गोष्ट कळली होती, की ज्याला लपवायचं असतं तो वाढताना जास्त आग्रह करतो. आज थोरली सून सगळ्यांना दोनदोनदा पुरणपोळी वाढत होती. धाकटी, जी एरवी आपल्या ताटापुरतंच बघायची, ती थोरलीच्या मागंमागं तूप घेऊन फिरत होती. काल एकमेकींशी बोलत नव्हत्या, आज एकमेकींना सोडत नव्हत्या. एकनाथरावांनी डॉक्टरांनी बंद केलेल्या टमाट्याची फोड हळूच मीठ लावून तोंडात टाकली. भामेनं बघितलं, पण आज तिला वेळ नव्हता.

कारण समोर परात होती. पितळी, काठोकाठ भरलेली. एकसष्ट टमाटे, भामेनं मोजलेले, एकालाही भोक नाही. चपटे, पाकळ्या पडलेले, देठापाशी हिरवी झाक. अमेय एकेक उचलून उलटंपालटं करत होता आणि परत ठेवत होता. त्यानं सांगितलं की त्यांच्या संस्थेच्या शेतावर औषध मारूनही दहातले दोन किडतात. श्रुती व्हिडिओ काढत होती. शेजारून अनुराधाक्का जम्मीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला आल्या होत्या आणि जेवायलाच बसल्या होत्या.

मग अमेयनं बॅगेतून कागद काढला. इंग्रजीत होता. श्रुतीनं वाचून आपल्या मराठीत सांगितला. हे सीड्स या फॅमिलीत सेवंटी इयर्स कंटिन्युअस आहेत, मध्ये बाहेरून घेतलेले नाहीत, आणि वरची माहिती खरी आहे.

भामेनं चष्मा पुसला. आईचं नाव कुठं येईल, असं तिनं विचारलं. अमेयनं बोट ठेवलं. वाणाचं नाव, तिथं त्यानं आधीच टाइप करून आणलं होतं. गंगू.

भामा त्या पाच इंग्रजी अक्षरांकडं बघत राहिली. मग म्हणाली, दुसरी सही त्रिवेणीची.

"शिल्पा करेल," त्रिवेणी म्हणाली.

"नको," शिल्पा म्हणाली. "ताईच करू देत. मला बियांतलं काय कळतं. मी तर कुंडीला पाणी घालायचं पण विसरते."

एकनाथरावांनी दुसरी फोड मिठात बुडवली. महिनाभर ज्या सहीसाठी धाकटी घरभर शेपटी आपटत होती, ती सही दोघी आता गरम भांड्यासारखी एकमेकींच्या हातात देत होत्या. संदेशनं बायकोला खुणेनं विचारलं, काय चाललंय. बायकोनं बघितलं नाही.

भामा म्हणाली की यात चर्चा कसली. आई गेल्यावर बी मी राखलं, आणि मी दवाखान्यात होते तेव्हा हिनं राखलं. मी घरी येईपर्यंत बी मेलं असतं तर विचारणारं कोण होतं? हिनं ते जपलं. सत्तर वर्षांतला सगळ्यात नाजूक दीड महिना हिचा आहे. सही हिचीच. आणि आधी माझी, म्हणजे तुमचा वाद मिटेल. तिनं पेन उघडलं. कोठीच्या बाजारात घेतलेलं जुनं शाईचं पेन, पेपर तपासायचं.

एकनाथराव सुनेकडं बघत होते म्हणून त्यांना दिसलं. तिनं पोळ्यांचं ताट टेबलावर ठेवलं. अगदी हळू, आवाज न करता.

"आत्या, सही करू नका."

भामेचं पेन कागदापासून बोटभर वर थांबलं.

"झेंडू मी कापले," त्रिवेणी म्हणाली. "जास्वंदही मीच वर आणली, मावा पसरावा म्हणून. आणि परवा मक्यातल्या अळ्या सोडल्या. ते शिल्पानं बघितलंय."

"साळुंकीनं खाल्ल्या," शिल्पा घाईनं म्हणाली. "चारही. नुकसान काही नाही झालं."

आधी अनुराधाक्का पदर तोंडाला लावून हसू लागल्या, मग श्रुती, मग संदेश. अमेयला हसावं की लिहून घ्यावं कळेना. भामासुद्धा हसली. तिच्या गालाला पडणारी खळी एकनाथरावांनी कित्येक वर्षांनी बघितली.

"म्हणजे नऊ मार्क तुझे," ती म्हणाली. "शत्रू होऊन इतकं चांगलं काम करणारी बाई मी बघितली नव्हती. पण वेडाबाई, का?"

त्रिवेणी हसली नाही. तिच्या हातात आता काहीच नव्हतं, म्हणून तिनं खुर्चीची पाठ धरली. हसणं एकेकाच्या तोंडावर विझत गेलं. श्रुतीनं मोबाइल खाली केला. एकनाथरावांनी मिठाची वाटी बाजूला सारली, आणि त्यांच्या मनात आलं की हिला कुणीतरी आता थांबवावं, आणि मग लगेच आलं की नाही, बोलू द्यावं.

"फळ आलं नसतं तर तुम्हाला सही करावी लागली नसती," त्रिवेणी म्हणाली. "हे आजींचं बी नाही, आत्या. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा आजींची पुरचुंडी मी जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीला देऊन टाकली. तीन दिवस शोधलं तिला. नाही सापडली. हे बी मी इथल्या बाजारातनं आणलं, एका म्हातारीकडनं, अर्धा किलो टमाट्यांतनं. अकरा वर्षं तुम्ही ज्याला आई म्हणताय ते हे आहे."

भामेनं पेनाचं टोपण शोधलं. ते तिच्या डाव्या हातातच होतं.

"सांगितलं का नाहीस?" तिनं विचारलं. आवाज शाळेतला नव्हता.

"सांगणार होते. तुम्ही पहिलं फळ खाल्लंत त्याच दिवशी सांगणार होते, जिन्यातनं वर येताना शब्द जुळवत होते. पण तुम्ही आईच म्हणालात, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, दहापैकी दहा. सुमनताईंना नाही दिलेत, सख्ख्या भावाला नाही, कुणालाच कधी नाही. मला माहीत होतं ते माझे नाहीत. पण मला ते परत द्यायचे नव्हते, आत्या."